दुखतं का?

दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारी रात्री पावणेदोनला फोन वाजला. इतक्या रात्री आमच्याकडे फोन येतो तो एक तर सर्व्हर झोपल्याचा, नाहीतर नात्यात कुणी गेल्याचा. यावेळी दोन्ही नव्हतं. बंगलोरहून मावसबहीण बोलत होती. बोलत कसली, रडतच होती.

"दादा, तू म्हणाला होतास अजिबात दुखत नाही म्हणून."

त्याच दिवशी सकाळी तिने चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन करून घेतलं होतं. पीजीवर राहते, रूममेट शनिवार-रविवार गावी गेलेली. दुपारपर्यंत सगळं छान होतं, संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले आणि रात्री बारानंतर तिला वाटायला लागलं की काहीतरी चुकलंय, आपले डोळे जाणार. दवाखान्यात तिला सांगितलेलं वाक्य एकच, "दोन-तीन दिवस थोडा डिस्कम्फर्ट होईल." आणि माझं वाक्य त्याच्या महिनाभर आधीचं, "अगं काही नाही गं, दहा मिनिटांचं काम आहे."

मी हे ऐकीव माहितीवर बोललो नव्हतो. हेच ऑपरेशन मी सहा वर्षांपूर्वी स्वतः करून घेतलंय. म्हणजे मला माहीत असायला हवं होतं. होतंही! तरी मी तिला खोटं सांगितलं. मुद्दाम नाही, पण खोटंच. त्या रात्रीपासून या विषयावर डोक्यात जे चाललंय ते आज लिहून काढतो.

आधी माझी कहाणी. चौथीपासून चष्मा. नंबर वाढत वाढत उणे साडेचारवर येऊन थांबला. तपासणीत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा तो काचेसारखा पारदर्शक पडदा, जरा पातळ निघाला. कॉर्निया साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. लॅसिकमध्ये त्याची शंभर-सव्वाशे मायक्रॉनची एक चकती कापून पुस्तकाच्या पानासारखी उलटतात, आत लेझर मारतात आणि पान परत मिटतात. पातळ कॉर्नियाला हे परवडत नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, तुमचं पीआरके करू. पीआरकेमध्ये पान कापत नाहीत. कॉर्नियावरची सगळ्यात वरची पेशींची साय, जेमतेम पन्नास मायक्रॉनची, ती खरवडून बाजूला करायची, उघड्या पडलेल्या भागावर लेझर मारायचा आणि साय आपली आपण परत यायची वाट बघायची. तोवर वरून एक साधी नंबर नसलेली कॉन्टॅक्ट लेन्स, पट्टी म्हणून.

आता "साय खरवडून बाजूला करायची" हे वाक्य परत एकदा वाचा. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाने ते वाचून विचारायला नको होतं का, की अहो, मग दुखेल ना? नाही विचारलं. कारण मी यूट्यूबवर वीस व्हिडिओ बघून गेलो होतो आणि सगळ्यांत माणूस टेबलावरून उठतो, भिंतीवरचं घड्याळ वाचतो आणि हसतो.

ऑपरेशन खरंच दुखलं नाही. डोळे बधिर करायचे थेंब घातले, पापण्या उघड्या ठेवायला एक चिमटा लावला, डॉक्टर म्हणाले दिव्याकडे बघत राहा. टकटक टकटक असा आवाज आणि केस जळल्यासारखा वास. लेझर एकेका डोळ्याला मिनिटभरसुद्धा चालला नाही. घरी येताना गाडीत बायकोला म्हटलं, "उगाच घाबरलो होतो." तिने काळा चष्मा लावलेल्या माझ्याकडे बघून नुसतं "हं" केलं.

थेंबांचा असर उतरला आणि मग कळलं.

पहिली रात्र आणि दुसरा दिवस मी अंधाऱ्या खोलीत ओला रुमाल हातात घेऊन काढला. डोळे उघडता येईनात, मिटले तरी चैन पडेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दाराच्या फटीतून राउटरचा हिरवा दिवा दिसायचा तो सुद्धा सहन होईना, शेवटी बायकोने त्यावर चिकटपट्टी लावली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ती सारखी येऊन म्हणायची, "अरे, मला तर काहीच झालं नव्हतं." तिला काही झालं नव्हतं कारण मोतीबिंदूला कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, सगळी साय काढत नाहीत. पण हे तेव्हा तिला समजावून सांगायची माझी अवस्था नव्हती.

तिसऱ्या दिवशी उतार पडला. पाचव्या दिवशी लेन्स काढली. मला वाटलं, संपलं. पण आता दुधाळ काचेतून बघितल्यासारखं दिसत होतं. मी सोमवारी ऑफिसला जाईन असं मॅनेजरला सांगून बसलो होतो! प्रत्यक्षात दोन आठवडे स्क्रीनवरचा फॉन्ट अठ्ठावीसवर ठेवून काम केलं आणि तरीही कोलन आणि सेमीकोलन एकसारखेच दिसायचे. आमच्या धंद्यात हे किती महागात पडतं ते सांगायला नको :-) रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवतीची वलयं जायला तीन महिने लागले. एसीमध्ये डोळे कोरडे पडणं तर वर्षभर चालू होतं.

आणि आज? आज चष्मा नाही, स्वच्छ दिसतं, मी समाधानी आहे. परत करायची वेळ आली तर परत करीन. हा लेख ऑपरेशनच्या विरोधात नाही हे इथेच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी मला त्या गोटात ढकलायचं.

प्रश्न असा की हे सगळं भोगलेला माणूस बहिणीला "अजिबात दुखत नाही" कसं सांगतो?

याचं एक उत्तर डॅनियल काहनेमनकडे आहे. १९९६ मध्ये त्याने आणि डोनाल्ड रेडेलमायर या डॉक्टरने आतड्याची दुर्बिणीने तपासणी आणि मूतखडा फोडणं अशा त्रासदायक गोष्टींतून जाणाऱ्या रुग्णांना त्या त्या क्षणी किती दुखतंय हे विचारून नोंदवलं आणि नंतर, एकूण किती दुखलं, असंही विचारलं. निघालं असं की, त्रास किती वेळ चालला याचा आठवणीशी फारसा संबंध नसतो. आठवणीत राहतात दोनच गोष्टी, सगळ्यात वाईट क्षण आणि शेवट. आता लेझर ऑपरेशनचा शेवट बघा. एका सकाळी उठता, उशाशी चष्मा चाचपायला हात जातो आणि लक्षात येतं की समोरच्या कॅलेंडरवरची तारीख दिसतेय. इतका गोड शेवट असलेल्या गोष्टीतले मधले चार दिवस डोकं सरळ पुसून टाकतं. म्हणून माझ्यासारख्यांची साक्ष या बाबतीत कुचकामी आहे. आणि ऑपरेशन करू बघणारा प्रत्येक जण नेमका माझ्यासारख्यांनाच विचारतो!

दुसरं कारण "लेझर" या शब्दाची जादू. याच्या मुळाशी एक छान गोष्ट आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन हे आपल्या मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. सोबत जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन यांनी घरच्या मेजवानीतली उरलेली टर्की प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर एक्सायमर लेझर मारून बघितला. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील किरण. मांस भाजलं नाही, कडा करपल्या नाहीत, हवी तेवढी जागा नेमकी उडून गेली. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने हे कॉर्नियावर वापरायचं मनावर घेतलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पीआरकेला परवानगी दिली. एका भारतीय माणसाच्या डब्यातल्या उरल्यासुरल्यावर निम्म्या जगाचे चष्मे उतरले म्हणायचे.

पण लेझर नेमका आहे याचा अर्थ शरीर शांत बसतं असा नाही. कॉर्निया हा शरीरातल्या सगळ्यात जास्त मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक. रक्तवाहिन्या नाहीत, पण मज्जातंतूंची टोकं थेट त्या वरच्या सायीत घुसलेली. म्हणून तर डोळ्यात बारीकसं कुसळ गेलं तरी माणूस गाडी बाजूला घेतो. साय काढली की ही टोकं उघडी पडतात. मग कडेकडेने नव्या पेशी सरकत मध्यभागी येतात, याला तीन ते पाच दिवस. सगळीकडून आलेल्या पेशी मधोमध भेटतात तिथे थोडे दिवस उंचवटा राहतो, म्हणून मध्येच आदल्या दिवसापेक्षा अंधुक दिसतं. यात बिघाड काही नाही, बरं होण्याचा तो रस्ताच आहे. पण हे आधी माहीत नसेल तर तो बिघाडच वाटतो.

लॅसिकचं तसं नाही. साय मधून शाबूत राहते, त्यामुळे चार-सहा तास चुरचुर होते आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चांगलं दिसतं. पण पान कापताना आतले मज्जातंतूही कापले जातात, म्हणून कोरडेपणा महिनोन्‌महिने राहू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या स्माईलमध्ये पान नाही, बारीक चिरेतून आतली चकती काढतात. तिन्हींची दुखण्याची आणि बरं होण्याची गणितं वेगळी. पण जाहिरातीत तिन्हींना एकच शब्द असतो. पेनलेस.

माझा आक्षेप या शब्दाला आहे. तो अगदी खोटा नाही. टेबलावरच्या दहा मिनिटांपुरता खरा आहे. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले जाणतो की रिलीजचं बटण दाबणं म्हणजे प्रोजेक्ट संपणं नव्हे. खरं काम पुढच्या आठवड्यात असतं आणि त्या आठवड्याची माणसं, वेळ, परत मागे जायची सोय हे सगळं आधी ठरवावं लागतं. जो व्हेंडर म्हणतो "शून्य डाउनटाइम" आणि डाउनटाइम फक्त बटण दाबण्याच्या क्षणापुरता मोजतो, त्याला आपण दारात उभं करत नाही. इथे मात्र आपण डोळे मिटून, माफ करा, डोळे उघडे ठेवून सही करतो.

"डिस्कम्फर्ट" हा तर त्याहून पुढचा प्रकार. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. चुरचुरणं, झोंबणं, खुपणं, सलणं, ठणकणं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि प्रत्येक आजीला तो कळतो. डॉक्टरने नुसतं म्हटलं असतं की "आज रात्री खूप खुपेल आणि झोंबेल, उद्या त्याहून जास्त, परवापासून कमी होत जाईल", तर माझी बहीण रात्री पावणेदोनला डोळे गेले म्हणून रडली नसती. दुखलं असतं, पण घाबरली नसती. दुखणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पहिलीला वाढवते.

यावर एक डॉक्टर मित्र म्हणाला, "अरे, सगळं सांगितलं तर माणसं घाबरतील, नको तितकं लक्ष देतील आणि जास्त दुखेल." मुद्दा अगदीच चुकीचा नाही. भलत्या भीतीने दुखणं वाढतं हे खरं. पण भीती घालणं आणि नीट सांगणं यात फरक आहे आणि हे साठ वर्षांपूर्वीच तपासून झालंय. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाची ऑपरेशनं होणारे ९७ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीसारखंच वागवलं. उरलेल्यांना ऑपरेशनच्या आदल्या रात्री जाऊन सांगितलं, कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस, हे दुखणं नेहमीचंच आहे, अंग सैल कसं सोडायचं आणि औषध केव्हा मागायचं. कुणाला सांगितलंय आणि कुणाला नाही, हे सर्जनना माहीत नव्हतं. सांगितलेल्या रुग्णांना वेदनाशामक जवळपास निम्मं लागलं आणि त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. म्हणजे सांगणं हेही औषधच. खर्च अर्धा तास बोलण्याचा.

"आम्ही सांगतो की, फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतं," हेही उत्तर मिळतं. असतं, मान्य. माझाही फॉर्म होता, इंग्रजीत, बारा पानांचा. तो हातात आला तेव्हा डोळ्यांत पहिले थेंब पडलेले होते. अशा वेळी माणूस सही करतो, वाचत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ऑपरेशन ठरवायच्या आठवडाभर आधी, सोबत येणाऱ्या घरच्या माणसासमोर, ज्याला कळेल त्या भाषेत हे सांगितलं गेलंच पाहिजे. एक, तुमचं नेमकं कुठलं ऑपरेशन आणि त्याचा त्रास कधी चढतो, कधी उतरतो. दोन, पीआरके असेल तर पहिले तीन दिवस सोबत कुणीतरी हवंच. माणूस एकटा राहत असेल तर तशी व्यवस्था होईपर्यंत तारीखच देऊ नका. तीन, नजर "येणं" आणि कामासाठी स्थिर होणं यात आठवडे जातात, त्यानुसार रजा काढा. चार, कोरडेपणा. एफडीए आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी लॅसिकवर केलेल्या आणि २०१७ मध्ये छापलेल्या पाहणीत, आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तो असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत बहुसंख्य लोक नजरेवर खूश होते. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही सांगायला हवेत. पाच, दुखणं कमी व्हायच्या वेळी वाढत असेल, लाली किंवा पू दिसत असेल, नजर घसरत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्यासाठी रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर. आणि सहा, अगदी थोड्या लोकांत मज्जातंतू नीट भरून येत नाहीत आणि डोळा तपासणीत स्वच्छ दिसत असूनही महिनोन्‌महिने दुखत राहतो. त्या माणसाला "तुमच्या मनाचे खेळ आहेत" म्हणून घरी पाठवू नये.

शेवटी त्या रात्रीबद्दल. बोलता बोलता बहीण म्हणाली, "दादा, ऑपरेशनच्या आधी घातलेले थेंब किती मस्त होते. खाली चोवीस तासांचं मेडिकल आहे, तिथून आणू का?" माझ्या पोटात गोळा आला. ते बधिर करणारे थेंब आपल्या मनाने वारंवार घातले तर नवी साय धरतच नाही, कॉर्नियाला जखम होऊन नजर कायमची जाऊ शकते. मला हे माहीत होतं ते केवळ माझ्या वेळी एका नर्सने जाता जाता सांगितलं म्हणून. त्या सहापैकी एकही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, आणि ही तर नाहीच नाही. मी म्हटलं, "अजिबात नाही. दुकानात जाऊ नकोस, डोळे चोळू नकोस. दिलेली गोळी घेतलीस का?" घेतली नव्हती. "थोडासाच डिस्कम्फर्ट" असणार म्हणून तिने ती राखून ठेवली होती. गोळी घ्यायला लावली, फ्रीजमधले गार केलेले अश्रूंचे थेंब घालायला लावले, दिवे बंद करायला लावले. मग दवाखान्याच्या कागदावरच्या नंबरवर मी फोन लावत बसलो. चौथ्या वेळी उचलला. डॉक्टरांनी तिच्याशी बोलून सगळं विचारलं, सकाळी लवकर तपासलं. सगळं ठीक होतं. ठरल्याप्रमाणेच दुखत होतं. फक्त ते ठरलेलं आहे हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आता ती मजेत आहे, चष्म्याचा डबा टाकून दिलाय. मागच्या आठवड्यात तिच्या ऑफिसातल्या एकीने तिला विचारलं, दुखतं का गं? "मी काय सांगितलं असेल सांग," असं मला फोनवर विचारत होती. मी म्हटलं, "काय?" तर म्हणाली, "तेच जीभेवर आलं होतं रे. अजिबात नाही म्हणून. दोन महिन्यांत विसरले बघ. मग तुझा फोन आठवला आणि तिला बसवून सगळं सांगितलं."

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी कुणी हे करून घेतलंय त्यांना एवढीच विनंती. कुणी विचारलं तर पहिलं जे उत्तर तोंडात येईल ते गिळा. मग सांगा. हो, दुखतं. अमुक दिवस दुखतं, असं असं दुखतं आणि मग थांबतं. एवढं ऐकून ज्याला नको वाटेल त्याने चष्मा वापरावा, चष्मा काही वाईट नाही. बाकीचे करून घेतील आणि पहिल्या रात्री निदान घाबरणार तरी नाहीत.